चाल उसनी, पाऊल आपलं

(कपिलधार, जिल्हा बीड येथील व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



विषय वाचून काही जणांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. तयार अ‍ॅनिमेशन गेम इंजिनमध्ये कसं बसवायचं हा विषय, आणि बोलणार कोण, तर तत्त्वज्ञानाचा निवृत्त प्राध्यापक! तेही कुठे, तर मन्मथस्वामींच्या समाधीच्या गावात. पण थोडा धीर धरा. हा प्रश्न संगणकाचा आहेच, पण त्याच्या आधी तो चालीचा आहे. आणि चालण्याबद्दल कपिलधारच्या लोकांना कुणी काय सांगावं? कार्तिकी पौर्णिमेला इथे पायी दिंड्या येतात. दमलेला माणूस कसा चालतो, खांद्यावर पालखी असलेला कसा चालतो, पायात काटा मोडलेला कसा चालतो, हे तुम्ही लांबूनच ओळखता.

आपल्या भागातली मुलं आता लॅपटॉपवर गेम बनवतात. एखादा मुलगा किंवा मुलगी एकटीच बसते, एक पात्र तयार करते. त्याला चालवायचं कसं? एकेक हालचाल हाताने रचायची म्हटली तर महिने जातात. मग ती मुलं इंटरनेटवरून तयार चाल उतरवून घेतात. धावणं, उडी मारणं, तलवार फिरवणं, नाचणं, सगळं तयार मिळतं. ती चाल आपल्या पात्राला लावतात, आणि लगेच काहीतरी बिघडतं. पात्र बर्फावरून घसरल्यासारखं चालतं, नाहीतर वीतभर हवेत तरंगतं. नमस्काराला हात जोडले तर तळवे एकमेकांत घुसतात.

असं का होतं? आज मला एवढ्याच प्रश्नाचं उत्तर द्यायचं आहे. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल, आणि मागे म्हणजे खूपच मागे.

कणादाचा आक्षेप

आपल्याकडे वैशेषिक नावाचं एक दर्शन आहे. त्याचे कर्ते कणाद. हे लोक जगातल्या वस्तूंची मोठी काटेकोर वर्गवारी करतात. द्रव्य वेगळं, गुण वेगळा, कर्म वेगळं. इथे कर्म म्हणजे पाप-पुण्याचं कर्म नव्हे बरं का. कर्म म्हणजे निव्वळ हालचाल. तिचे पाच प्रकार त्यांनी सांगितले: उत्क्षेपण म्हणजे वर फेकणं, अवक्षेपण म्हणजे खाली टाकणं, आकुंचन म्हणजे आखडणं, प्रसारण म्हणजे पसरणं, आणि गमन म्हणजे जाणं. अ‍ॅनिमेशनच्या कुठल्याही तयार संग्रहाची यादी उघडा. शेवटी ती याच पाचांची बेरीज-वजाबाकी असते.

आता पुढचं नीट ऐका, कारण सगळं व्याख्यान यावर उभं आहे. कणाद सांगतात की कर्म एका वेळी एकाच द्रव्यात राहतं. माझ्या हाताची हालचाल माझ्या हातात आहे. ती उचलून तुमच्या हातात ठेवता येत नाही. तुम्ही माझ्यासारखा हात हलवलात तर ती तुमची, नवी जन्मलेली हालचाल असते. पण संयोग, म्हणजे दोन वस्तूंचं एकमेकींना लागणं, हा मात्र दोघींत मिळून राहतो. पाऊल जमिनीला टेकलं तर तो संयोग पावलाचा एकट्याचा नाही आणि जमिनीचाही एकटीचा नाही. हालचालीमुळेच संयोग घडतो आणि हालचालीमुळेच तो सुटतो.

हालचाल एकाची असते, स्पर्श दोघांचा असतो. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

उसनी चाल नवी नाही

संगणक यायच्या कितीतरी आधीपासून आपण चाली उसन्या घेत आलो आहोत. बहुरूपी बघा. आपल्या गावात यायचा, आजही कुठे कुठे येतो. फौजदाराची ऐट, तलाठ्याचं बसणं, सावकाराचं पोट पुढे काढून चालणं, हे सगळं तो आपल्या काटकुळ्या अंगावर चढवतो. आपण हसतो ते कशाला? चाल एकाची आणि अंग दुसऱ्याचं, ती फट दिसते म्हणून. बहुरूप्याची ती फट हेच त्याचं भांडवल असतं.

याच्या उलट टोकाला बालगंधर्व. नारायण श्रीपाद राजहंस हे त्यांचं नाव. 'मानापमान'मधली भामिनी, 'स्वयंवर'मधली रुक्मिणी, 'एकच प्याला'मधली सिंधू. पुरुषाच्या अंगात स्त्रीची चाल, आणि फट कुठे दिसायची नाही. इतकी, की पुढे महाराष्ट्रातल्या घराघरांतल्या बायका त्यांचं बघून पातळ नेसायला आणि वावरायला शिकल्या असं सांगतात. म्हणजे गंमत बघा. स्त्रियांकडून घेतलेली चाल पुरुषाच्या अंगातून गेली आणि परत स्त्रियांकडे आली. जाताना होती तशीच परत आली असेल का? मुळीच नाही.

चित्रपटात तर याहून चमत्कारिक प्रकार झाला. दादासाहेब फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये, १९१३ साली, तारामतीचं काम अण्णा साळुंखे यांनी केलं. आणि १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता दोन्ही तेच होते! एकच सांगाडा, दोन चाली. आजचे गेम बनवणारे नेमकं उलटं करतात, एकच चाल आणि पन्नास सांगाडे.

फाळक्यांचं आणखी एक काम या विषयाला अगदी जवळचं आहे. १९१५ साली त्यांनी 'आगकाड्यांची मौज' नावाचा छोटा चित्रपट केला. आगपेटीच्या काड्या थोड्या थोड्या हलवायच्या, दर वेळी एक चित्र टिपायचं, आणि सलग दाखवलं की काड्या आपोआप चालतात. कातडी नाही, चेहरा नाही, नुसत्या काड्या. आज अ‍ॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये पात्राचा सांगाडा उघडून बघा. एका हाडाला दुसरं हाड जोडलेलं, सगळ्या काड्याच.

आणि कोकणात पिंगुळी आहे, सिंधुदुर्ग जिल्ह्यात, कुडाळजवळ. तिथल्या ठाकर समाजाने चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या जपल्या. त्या परंपरेतले परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. कळसूत्री बाहुलीत चाल कुठे असते? खेळवणाऱ्याच्या बोटांत. बोटाची हालचाल दोरीवाटे लाकडात उतरते. पण बोट आणि पाय यांचा आकार एक नाही, वजन एक नाही. म्हणून बाहुली खेळवणाऱ्याची परीक्षा एका ठिकाणी होते: बाहुलीचा पाय फळीवर टेकल्यासारखा दिसतो की लोंबकळतो? हात हलवणं पोरालाही जमतं. पाय टेकवायला उस्ताद लागतो.

काळा पोशाख, पांढऱ्या रेघा

आता पश्चिमेकडे एक फेरी मारून येऊ. फ्रान्समध्ये एतियेन-ज्यूल मारे नावाचा शरीरशास्त्रज्ञ होता. १८८०च्या दशकात त्याने माणसाला पूर्ण काळा पोशाख घातला, हातापायांवर चकचकीत पांढऱ्या पट्ट्या आणि सांध्यांवर ठिपके लावले, काळ्या पडद्यासमोर चालायला लावलं आणि एकाच काचेवर लागोपाठ छायाचित्रं घेतली. माणूस गायब झाला आणि राहिली फक्त चाल, रेघांच्या पंख्यासारखी. माणसाशिवाय माणसाची चाल! आजचं मोशन कॅप्चर, ज्याला मुलं मोकॅप म्हणतात, ते याच कल्पनेचं नातवंड.

पुढे अमेरिकेत मॅक्स फ्लायशरने रोटोस्कोप नावाचं यंत्र केलं. पेटंटसाठी अर्ज १९१५ चा, मंजुरी १९१७ ची. चित्रित केलेला माणूस काचेवर एकेक चौकट करून पाडायचा आणि त्यावरून चित्र गिरवायचं. १९३२ साली कॅब कॅलोवे या गायकाचा नाच त्यांनी असाच गिरवला आणि तो बसवला कोणाच्या अंगात? एका वॉलरसच्या. सुळेवाला तो जाडजूड समुद्री प्राणी! आणि तो वॉलरस कॅलोवेसारखाच डौलात सरकत नाचला. कसा जमला? कारण गिरवणारा माणूस होता. वॉलरसचा पाय कुठे टेकेल आणि पोट कसं डुलेल हे तो चौकटीगणिक ठरवत होता.

डिस्नेने तर तयार चाल साठवून पुन्हा वापरली. १९३७ च्या 'स्नो व्हाइट'मधल्या राजकन्येचा नाच १९७३ च्या 'रॉबिन हूड'मध्ये मेड मॅरियनच्या अंगात आला. ती तर कोल्ही आहे! छत्तीस वर्षांनी राजकन्येची पावलं कोल्हीच्या पायांत. याला तुम्ही कंजुषी म्हणा, नाहीतर शहाणपण म्हणा.

तेव्हा तयार चाल वापरणं हा आजच्या पोरांचा आळस नव्हे. ती शंभर वर्षांची रीत आहे. फरक एवढाच, की पूर्वी मधे गिरवणारा हात होता. आता तो हात निघून गेला आहे आणि त्याच्या जागी एक फाइल आली आहे.

फाइलमध्ये नेमकं काय असतं?

आता थोडं तंत्र. घाबरू नका, शेतकऱ्याच्या हिशोबाइतकंच सोपं आहे.

गेममधलं पात्र दोन गोष्टींचं बनतं. एक वरची कातडी, जी दिसते पण स्वतः हलू शकत नाही. दुसरा आतला सांगाडा, जो हलतो पण दिसत नाही. कपिल हे नाव घेतलं की तत्त्वज्ञानाच्या माणसाला सांख्य आठवणारच. सांख्यांचा एक प्रसिद्ध दृष्टांत आहे, आंधळ्याच्या खांद्यावर बसलेल्या पांगळ्याचा. एकाला दिसतं पण चालता येत नाही, दुसऱ्याला चालता येतं पण दिसत नाही. दृष्टांत इथे तंतोतंत लागू होत नाही, पण जोडी तशीच आहे. कातडी पांगळी आणि सांगाडा अदृश्य. दोघांना बांधून टाकण्याच्या कामाला रिगिंग म्हणतात.

चालीच्या फाइलमध्ये कातडी असावीच लागते असं नाही. असतात ते कोन. अमुक क्षणाला गुडघा इतका वाकला, खांदा इतका फिरला. हाडांची लांबी सांगाड्याकडे असते, चालीकडे नसते. अपवाद एकच, कंबर. कंबर जमिनीपासून किती उंच आहे आणि किती पुढे सरकली हे मात्र अंतरात मोजलेलं असतं.

इथेच गोम आहे. समजा, ज्या माणसाची चाल टिपली त्याची कंबर जमिनीपासून १०० सेंटिमीटरवर आहे आणि दोन पावलांत तो १४० सेंटिमीटर पुढे जातो. तुमचं पात्र आहे लहान मुलगी, तिची कंबर ७० सेंटिमीटरवर. चाल तशीच लावलीत तर कंबर जाईल १०० वर आणि पाय मात्र ७० चेच. पोरगी ३० सेंटिमीटर हवेत! बरं, तिला ओढून जमिनीवर आणलंत. आता तेवढेच कोन वापरून तिचे छोटे पाय दोन पावलांत जेमतेम ९८ सेंटिमीटर कापतात, पण कंबर पुढे जाते १४०. उरलेले ४२ सेंटिमीटर कुठून येणार? पाय घसरून. बर्फावर चालल्याचा भास होतो तो हाच. उपाय त्रैराशिकाचा आहे. सत्तर भागिले शंभर, म्हणजे ०.७. कंबरेच्या सगळ्या हालचालीला ०.७ ने गुणा. बहुतेक इंजिनं हे आपण होऊन करतात.

पण याने सगळं सुटत नाही. कारण हात-पाय-धड यांचं प्रमाण प्रत्येकाचं वेगळं. आता नमस्कार घ्या. कोन तेच ठेवून रुंद खांद्याच्या पैलवानाला नमस्कार करायला लावा, तळव्यांमध्ये फट राहील. अरुंद खांद्याच्या बाईला लावा, हात एकमेकांतून आरपार जातील. कोन बरोबर, तरी नमस्कार चुकला! कारण नमस्कार हा कोन नाही. नमस्कार म्हणजे दोन तळव्यांचा संयोग.

बघा, कणाद परत आले. चाल एकाच द्रव्यात राहते, म्हणून एका सांगाड्यापुरती ती फाइलमध्ये लिहून ठेवता येते. स्पर्श दोघांत राहतो आणि फाइलमध्ये लिहिला जातो फक्त एक. ज्या जमिनीवर तो माणूस चालला ती जमीन स्टुडिओतच राहिली. ज्या खुर्चीवर तो बसला ती खुर्चीही तिथेच राहिली.

संगणकशास्त्रात हे स्पष्टपणे मांडलं मायकल ग्लायशर यांनी, १९९८ साली सिग्राफ परिषदेतल्या एका निबंधात. एका पात्राची चाल वेगळ्या मापांच्या दुसऱ्या पात्राला लावायची, त्याला त्यांनी रिटार्गेटिंग म्हटलं, आणि तेच नाव पुढे रूढ झालं. त्यांची कल्पना साधी होती. आधी विचारा की या चालीत काय मोडता कामा नये? या क्षणी टाच जमिनीवर हवी, त्या क्षणी हात पेटीवर हवा. या अटी पक्क्या धरा. मग बाकीची हालचाल मूळच्या जितकी जवळ ठेवता येईल तितकी ठेवा, आणि जो फरक करावा लागेल तो आजूबाजूच्या क्षणांत हळूहळू पसरवा, म्हणजे झटका बसणार नाही. ग्लायशर यांनी कणाद वाचले होते असं माझं म्हणणं नाही. पण दोघे एकाच दगडाला ठेचकाळले. स्पर्श आपोआप येत नाही, तो पुन्हा जोडावा लागतो.

बाजारात काय मिळतं आणि घरी काय करावं

पुढची गोष्ट वेगाने घडली. २००८ साली सॅन फ्रान्सिस्कोत मिक्सामो नावाची कंपनी निघाली, २०१५ मध्ये ती अ‍ॅडोबीने घेतली. आज तिथे शेकडो चाली फुकट मिळतात. आपलं पात्र चढवायचं, त्याच्या अंगावर आठ खुणा करायच्या: हनुवटी, दोन मनगटं, दोन कोपरं, दोन गुडघे आणि जांघ. बाकी सांगाडा यंत्र स्वतः बसवतं. बोटांसकट पूर्ण सांगाडा ६५ हाडांचा. मात्र पात्र दोन पायांचंच हवं. बैल तिथे चालत नाही.

इंजिनांचंही तसंच. युनिटीने २०१२ च्या सुमाराला मेकॅनिम आणलं. तुमच्या सांगाड्यातली किमान पंधरा हाडं माणसासारखी ओळखू आली की कुठल्याही माणसाची चाल त्याला लावता येते. अनरियलच्या पाचव्या आवृत्तीत, २०२२ साली, आयके रिटार्गेटर आला. दोन सांगाडे शेजारी शेजारी उभे करायचे, याचा पाठकणा तो त्याचा पाठकणा, याचा डावा पाय तो त्याचा डावा पाय, अशी साखळ्यांची सोयरीक जुळवायची.

जी मुलं हे काम करतात त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगतो.

पहिली, उभं राहणं जुळवा. दोन्ही पात्रांची मूळ उभी अवस्था एक हवी. एक हात आडवे पसरून उभा आणि दुसरा हात तिरके खाली सोडून उभा, तर प्रत्येक चालीत खांदे वाकडे दिसणार. चालीला दोष देण्याआधी हे बघा.

दुसरी, मूळ हाड बघा. मिक्सामोच्या सांगाड्याची सुरुवात कंबरेपासून होते. अनरियलच्या सांगाड्यात कंबरेच्याही खाली, जमिनीवर, एक मूळ हाड असतं आणि पात्राचं पुढे सरकणं त्यावर मोजलं जातं. ते नसेल तर पात्र चालतं, आणि चाल संपली की टुणकन मागे येतं.

तिसरी, ठरवा की पुढे नेणार कोण? चालच पात्राला पुढे ओढणार, की चाल जागच्या जागी ठेवून तुमचा प्रोग्राम त्याला पुढे सरकवणार? दोन्ही रीती चांगल्या. पण दोघांनी मिळून ओढलं तर पाय घसरणारच.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची. प्रत्येक चालीसाठी कागदावर एक यादी करा: काय कशाला लागतं, आणि कधी. उजवी टाच जमिनीला. डावा हात काठीला. डोकं मोळीला. मग इंजिनात ते हात-पाय त्या त्या जागी बांधा. ही यादी कुठलाही संग्रह तुम्हाला देणार नाही. ती तुम्हालाच करावी लागेल, कारण दुसरी वस्तू तुमच्या गेममध्ये आहे, त्यांच्या स्टुडिओत नाही.

आपल्या पुण्यातलं एक उदाहरण देतो. नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओने अनरियलवर 'राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक' हा गेम केला, २०२० साली तो जगभर गेला. राजी ही मुलगी असुरांनी पळवलेल्या आपल्या भावाला शोधते. ती भिंतीवरून धावते, खांबाला धरून गिरकी घेते. मल्लखांब बघितलेल्या माणसाला लगेच कळतं की इथे खरा खेळ हात आणि खांब यांच्यातला आहे. आणि त्याच गेममध्ये कथा सांगायची वेळ येते तेव्हा दृश्यं छायाबाहुल्यांसारखी येतात. पिंगुळी आणि अनरियल यांच्यातलं अंतर आपल्याला वाटतं तेवढं नाही, मंडळी.

चाल कोणाची, आणि कोणती चाल नाहीच

आता दोन अवघड प्रश्न.

पहिला, ती चाल होती कोणाची? कोणीतरी माणूस चालला म्हणून फाइल झाली. अमेरिकेत यावरून खटले झाले. २०१८ साली अल्फोन्सो रिबेरो या नटाने फोर्टनाइट गेमच्या कंपनीवर दावा लावला, की मालिकेतला माझा नाच तुम्ही विकताय. तिथल्या कॉपीराइट कार्यालयाने तो फार साधा नाच आहे म्हणून नोंदणी नाकारली आणि २०१९ मध्ये दावा मागे घेतला गेला. पण काइल हानागामी या नृत्यदिग्दर्शकाचा खालच्या कोर्टाने फेटाळलेला दावा २०२३ मध्ये अपील न्यायालयाने पुन्हा उभा केला. त्यांचं म्हणणं ढोबळ अर्थाने असं, की नाच म्हणजे सुट्या मुद्रांची मोळी नव्हे, त्यांची रचना हीच निर्मिती. आणि जुलै २०२४ मध्ये व्हिडिओ गेमसाठी काम करणाऱ्या तिथल्या कलाकारांनी संप पुकारला. आपला आवाज आणि आपली हालचाल एआयसाठी वापरायची तर आमची संमती आणि मोबदला हवा, ही मागणी. २०२५ मध्ये करार होऊन तो मिटला. म्हणजे चालही मजुरी आहे हे तिथे लेखी मान्य झालं.

दुसरा प्रश्न मला अधिक छळतो. कोणती चाल तिथे मिळत नाही? तलवारबाजी ढिगाने मिळेल, बंदूक ढिगाने मिळेल. आपला बीड जिल्हा दर वर्षी ऊसतोडीला जातो. वाकून बुडाशी कोयता घालणं, वाढं छाटणं, मोळी बांधणं, ती डोक्यावर घेऊन अरुंद फळीवरून ट्रकमध्ये चढणं. त्या चढण्यात मान, कंबर आणि पायाचा अंगठा एकाच वेळी काम करतात. ती चाल शोधायला जा, कुठल्या नावाने शोधाल? तिच्यासाठी शब्दच नाही तिथे. मग आपल्याच मुलाने ऊसतोडीवर गेम केला तर त्यातली बाई कशी चालेल? डोक्यावर मोळी, आणि खाली कोणा भलत्याच माणसाचं सकाळचं फिरणं.

ही चेष्टेची गोष्ट नाही. बहुरूप्याने फौजदाराची चाल घेतली तेव्हा फौजदार लहान झाला. इथे भार वाहणारीच्या अंगात भार नसलेली चाल गेली, तर तिचा भारच नाहीसा होतो. बघणाऱ्याला वाटतं, काय जड नाही. चुकीच्या चालीने माणसाच्या कष्टांबद्दल खोटं बोललं जातं, आणि कोणी खोटं बोलल्याचं कोणाच्या लक्षातही येत नाही.

भरताच्या नाट्यशास्त्रात गतीवर एक आख्खा अध्याय आहे. कोणी कसं चालावं, कुठल्या अवस्थेत, कुठल्या जमिनीवर. त्यातली उच्चनीचता आपण आज सोडून देऊ. पण चाल माणसाची परिस्थिती सांगते, ही दृष्टी सोडू नये.

म्हणून माझं सांगणं असं: धावणं, उडी, वळून बघणं उसनं घ्या, खुशाल घ्या. पण जी चाल तुमच्या गोष्टीचा जीव आहे ती स्वतः टिपा. आईला विचारून, तिची परवानगी घेऊन, तिचं नाव लावून.

माझं बोलणं झालं. आता प्रश्न घेऊ.

प्रश्न: सर, आता एआय मोबाइलच्या व्हिडिओवरून चाल काढून देतं. मग मोकॅपचा पोशाख, स्टुडिओ, याची गरजच काय राहिली?

उत्तर: चांगली गोष्ट आहे. मी आत्ता म्हणालो ना, स्वतः टिपा, ते त्यामुळेच परवडणार आहे. पण व्हिडिओत जो हात धडामागे जातो तो कॅमेऱ्याला दिसत नाही. तिथे यंत्र अंदाज करतं. आणि पाऊल नेमकं कधी टेकलं, याचाही अंदाजच. म्हणून टिपताना दोन बाजूंनी दोन मोबाइल ठेवा, अंगावर घट्ट कपडे असू द्या, पावलं पूर्ण दिसू द्या. साडी असेल तर पावलं झाकली जातात, तेव्हा शेजारी बसून कागदावर लिहा: आता उजवा टेकला, आता डावा. ती यादी इथेही चुकत नाही.

प्रश्न: पालखी खांद्यावर घेतलेले चौघं दाखवायचे असतील तर? प्रत्येकाला तीच चाल लावली तर चौघंही एका तालात, खेळण्यासारखे दिसतात.

उत्तर: हा इथलाच प्रश्न विचारलात. चौघांना चार चाली लावून मधे पालखी ठेवू नका. उलट करा. आधी पालखी चालवा. तिचं वजन, तिचं डोलणं, चढावर मागे झुकणं. मग चौघांचे खांदे तिच्या दांड्याला बांधा, आणि पावलं जमिनीला. वरून पालखी, खालून जमीन, या दोन स्पर्शांमध्ये प्रत्येकाचं अंग जसं बसेल तसं बसू द्या. उंच माणूस गुडघ्यात वाकेल, ठेंगणा टाचा उचलेल. कोणीही एका तालात राहणार नाही, आणि तरी पालखी सरळ जाईल. खऱ्या पालखीत तरी दुसरं काय होतं?